सीआरओ गेला, सवय राहिली: डीएसओच्या पडद्यावर किती विश्वास ठेवायचा?

नेट-सेटचा अभ्यास चालू असलेले, पेट देऊन प्रवेशाची वाट बघणारे आणि एमएस्सीचं प्रोजेक्ट करणारे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. आजचा विषय तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या टेबलावर असलेल्या उपकरणाचा आहे, आणि थोडा टीकेचा आहे.

इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्रायोगिक भौतिकशास्त्रातला कुठलाही प्रबंध उघडा. ऑसिलोस्कोपच्या पडद्याचे चार-पाच फोटो हमखास सापडतील. खाली ओळ असते: 'सर्किटचा आउटपुट वेव्हफॉर्म'. व्होल्ट पर डिव्हिजन लिहिलेलं असतं, टाइम पर डिव्हिजनही असतं. पण तो वेव्हफॉर्म कुठल्या ॲक्विझिशन मोडमध्ये घेतला, त्या वेळी सॅम्पल रेट किती होता, रेकॉर्ड किती पॉइंटचा होता, हे क्वचितच कोणी लिहितं. लिहिलं नाही म्हणून कोणी विचारतही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या माहितीशिवाय ती आकृती पुरावा म्हणून अपुरी आहे. एकच सिग्नल, एकच प्रोब, एकच उपकरण; फक्त मोड बदलला तर पडद्यावर चार वेगळी चित्रं येतात. चारही खरी असतात, कारण प्रत्येक मोड सिग्नलला वेगळा प्रश्न विचारतो. प्रश्न न सांगता उत्तर छापायचं, ही आपली सवय आहे.

नावातच घोळ आहे

आपल्याकडच्या लॅबमध्ये डीएसओलाही सर्रास 'सीआरओ' म्हणतात. "सीआरओवर बघ जरा" असं सर म्हणतात आणि समोर डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप असतो. बोलण्यापुरतं ठीक आहे. अडचण अशी की नावाबरोबर जुना विश्वासही येतो.

सीआरओ म्हणजे कॅथोड रे ऑसिलोस्कोप. फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड रे ट्यूब दाखवली, त्याच घराण्यातलं हे उपकरण. त्यात तुमचा सिग्नल ॲम्प्लिफाय होऊन डिफ्लेक्शन प्लेट्सवर जातो आणि इलेक्ट्रॉनचा झोत त्याप्रमाणे वरखाली हलतो. झोत जिथे जास्त वेळ रेंगाळतो तिथे रेघ उजळ आणि जिथून झर्रकन जातो तिथे फिकी. म्हणजे उजेडाच्या कमीजास्तपणातही माहिती होती. मर्यादा त्यालाही होत्या: बँडविड्थ होती, झोत परत येईपर्यंतचा आंधळा काळ होता, आणि एकदाच घडणारी घटना पकडणं अवघड होतं. पण सिग्नल आणि रेघ यांच्यामध्ये कुठले पॉइंट ठेवायचे आणि कुठले टाकून द्यायचे, हे ठरवणारं कोणी नव्हतं.

डीएसओत तो ठरवणारा आहे. सिग्नल आधी ॲनालॉग भागातून जातो, मग एडीसी त्याचे आकडे करतो, मग त्यातले काही आकडे मेमरीत जातात, आणि शेवटी मेमरीतल्या आकड्यांवरून पडद्यावर रेघ काढली जाते. 'ॲक्विझिशन मोड' म्हणजे एडीसी आणि मेमरी यांच्यामध्ये बसलेला कारकून. आलेल्या आकड्यांपैकी काय नोंदवायचं, काय मिसळायचं, काय फेकायचं, हे तो ठरवतो.

सॅम्पल मोड: खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा

टेक्ट्रॉनिक्सची टीडीएस २००० मालिका घेऊ. त्यातल्या टीडीएस २०१२ ची बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ आणि सॅम्पल रेट सेकंदाला १ गिगासॅम्पल, म्हणजे १०० कोटी सॅम्पल. ऐकायला भारी वाटतं. पण या मालिकेची रेकॉर्ड लेंग्थ आहे २५०० पॉइंट. आता हिशोब करा.

टाइमबेस १ मिलिसेकंद पर डिव्हिजन ठेवला. आडवे १० भाग, म्हणजे पडद्यावर १० मिलिसेकंद. त्यात २५०० पॉइंट बसवायचे, म्हणजे दर ४ मायक्रोसेकंदाला एक. म्हणजेच सेकंदाला २.५ लाख सॅम्पल. खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या ४००० पट कमी! उपकरण खोटं बोलत नाही. १ गिगासॅम्पल हा त्याचा कमाल वेग आहे, तुमच्या आत्ताच्या मापनाचा नव्हे.

याचे दोन परिणाम. पहिला, एलियासिंग. याच सेटिंगवर २५१ किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली तर सॅम्पलिंग २५० किलोहर्ट्झचं असल्यामुळे पडद्यावर १ किलोहर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह दिसू शकते, बरोबर १० आवर्तनं. फ्रिक्वेन्सी मोजली की १ किलोहर्ट्झ येणार आणि आपण ती जर्नलमध्ये उतरवणार. तपासायची युक्ती सोपी आहे: टाइमबेस भराभर कमी करत जा. खरी वेव्ह टाइमबेसच्या प्रमाणात पसरते, खोटी वेव्ह अचानक वेगळंच काही होऊन बसते.

दुसरा परिणाम म्हणजे हरवलेली घटना. समजा १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर मधूनच कधीतरी ८०० मिलिव्होल्टचा, १०० नॅनोसेकंद रुंदीचा ग्लिच येतो. दोन सॅम्पलमधलं अंतर ४ मायक्रोसेकंद असेल तर सॅम्पल नेमका त्या ग्लिचवर पडण्याची शक्यता १०० भागिले ४०००, म्हणजे २.५ टक्के. ४० वेळा ग्लिच आला तर सरासरी एकदा दिसेल, तोही एकुलता एक ठिपका म्हणून. "सर, सर्किट व्यवस्थित आहे, बघा ना" असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात आपण ३९ वेळा डोळे मिटून बसलेलो असतो.

मेमरी मोठी असेल तर हे चित्र बदलतं. रिगोलच्या डीएस१०५४झेडमध्ये १.२ कोटी पॉइंटची मेमरी निवडता येते. त्याच्या पडद्यावर आडवे १२ भाग असतात, म्हणजे १ मिलिसेकंद पर डिव्हिजनला १२ मिलिसेकंद. भागाकार केला की सॅम्पल रेट पूर्ण १ गिगासॅम्पल टिकतो. पण तोही एकच चॅनल चालू असेल तर. दोन चॅनल चालू केले की तो निम्मा होतो, तीन किंवा चार केले की पाव. म्हणजे शेजारचा चॅनल नुसता 'असू दे चालू' म्हणून ठेवला तरी मापन बदलतं.

पीक डिटेक्ट: संशयी माणसाचा मोड

वरच्या ग्लिचसाठीच हा मोड आहे. एडीसी वेगाने सॅम्पल घेत राहतो आणि कारकून प्रत्येक खिडकीतला सर्वांत मोठा व सर्वांत लहान असे दोन आकडे ठेवतो. बाकीचे फेकतो. त्यामुळे १०० नॅनोसेकंदांचा ग्लिच त्या १० मिलिसेकंदांत कुठेही आला तरी पूर्ण उंचीने दिसतो. किती अरुंद ग्लिचपर्यंत हे चालतं, तो आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो वाचा.

पण पीक डिटेक्टची किंमत आहे. तो फक्त टोकं दाखवतो, त्यामुळे नॉइज फुगतो. एका खिडकीत हजार सॅम्पल असतील आणि नॉइज गॉसियन असेल, तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सॅम्पलमधलं अंतर आरएमएस नॉइजच्या साधारण साडेसहा पट येतं. पडद्यावर जाड पट्टा दिसतो. तो बघून "सिग्नल फार नॉइझी आहे" असा निष्कर्ष काढणं चूक. गावातला सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका माणूस शेजारी उभे करून गावाची सरासरी उंची सांगण्यासारखं आहे ते. शिवाय ग्लिच खिडकीच्या आत नेमका कुठे होता, हेही हरवतं.

हाय-रेझ आणि ॲव्हरेज: जुळे वाटणारे, पण नसलेले

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. दोन्हींनी रेघ गुळगुळीत होते, म्हणून दोन्ही एकच, असं समजलं जातं.

हाय-रेझ मोड एकाच ॲक्विझिशनमधल्या शेजारशेजारच्या सॅम्पलची सरासरी काढतो. एक गिगासॅम्पलने येणारे ४००० सॅम्पल, त्यांची सरासरी म्हणून एक पॉइंट. एकदाच घडणाऱ्या घटनेलाही हे लागू होतं, सिग्नल पुन्हापुन्हा येण्याची गरज नाही. नेहमीचा एडीसी ८ बिटचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा. १ व्होल्ट पर डिव्हिजनला एक पायरी ३० ते ४० मिलिव्होल्टची पडते. चार सॅम्पलच्या सरासरीने साधारण १ बिट वाढतो, सोळांच्या सरासरीने २ बिट. यात एक अट लपलेली आहे: सिग्नलमध्ये निदान एका पायरीएवढा तरी नॉइज हवा. नॉइज नसेल तर प्रत्येक सॅम्पल तोच आकडा देईल आणि सारख्या आकड्यांची सरासरी तोच आकडा. आणि एडीसीच्या पायऱ्याच वेड्यावाकड्या असतील तर सरासरीने त्या सरळ होत नाहीत.

हाय-रेझची किंमत बँडविड्थमध्ये चुकवावी लागते. ४ मायक्रोसेकंदांच्या खिडकीची सरासरी म्हणजे सुमारे ११० किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर. खोक्यावर १०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं उपकरण आत्ता ११० किलोहर्ट्झचं झालंय, आणि पडद्यावर तसा इशारा ठळक दिसेलच असं नाही. आपला ८०० मिलिव्होल्टचा ग्लिच? तो ४००० सॅम्पलपैकी १०० सॅम्पलमध्ये आहे, म्हणजे सरासरीत उरतो २० मिलिव्होल्टचा उंचवटा. रेघ मात्र छान दिसते.

ॲव्हरेज मोड वेगळा. तो एकामागून एक आलेल्या अनेक ॲक्विझिशन ट्रिगरपाशी जुळवून एकावर एक ठेवतो आणि प्रत्येक पॉइंटची सरासरी काढतो. नॉइज ॲक्विझिशनच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो: ६४ ॲव्हरेजला आठपट, १२८ ला अकरापटीहून थोडा जास्त. बँडविड्थ शाबूत राहते. चॉपरमागे ठेवलेल्या फोटोडायोडचा दोन-चार मिलिव्होल्टचा सिग्नल नॉइजमधून बाहेर काढायचा तर यासारखं सोपं साधन नाही. मग तक्रार कसली?

ॲव्हरेज मोडबद्दल माझी तक्रार

तक्रार मोडबद्दल नाही, वापराबद्दल आहे. ॲव्हरेज मोड तीन गोष्टी गृहीत धरतो: सिग्नल दर वेळी सारखाच येतो, ट्रिगर दर वेळी त्याच क्षणी लागतो, आणि जे ट्रिगरशी जुळत नाही तो कचरा आहे. संशोधनात बऱ्याचदा या तिन्ही गोष्टी सिद्ध करायच्या असतात. आपण त्या बटण दाबून गृहीत धरतो.

पहिलं गृहीतक. आपला ग्लिच १२८ पैकी एका ॲक्विझिशनमध्ये आला आणि नशिबाने सॅम्पल त्याच्यावर पडला, तरी १२८ च्या सरासरीत तो ८०० वरून सुमारे ६ मिलिव्होल्ट होतो. म्हणजे नाहीसाच. सिंटिलेशन डिटेक्टरच्या पल्सची उंची दर वेळी वेगळी असते आणि त्या उंचीतच ऊर्जेची माहिती असते. तिथे ॲव्हरेज लावला की एक देखणा 'सरासरी पल्स' मिळतो आणि वितरणच गायब होतं.

दुसरं गृहीतक. ट्रिगर आणि सिग्नल यांच्यात जिटर असेल तर कडा दर वेळी थोडी पुढेमागे येते आणि सरासरीत ती पसरते. खरा राइज टाइम ५ नॅनोसेकंद आणि जिटरही ५ नॅनोसेकंद आरएमएस असेल, तर सरासरी कडेचा राइज टाइम १४ नॅनोसेकंदांच्या आसपास दिसतो. कडा तर अगदी स्वच्छ, नॉइज नाही, कर्सर लावायला सोपी. प्रबंधात लिहिलं जातं: 'डिटेक्टरचा प्रतिसाद १४ नॅनोसेकंद'. मोजला गेलाय तो ट्रिगरचा डळमळीतपणा.

तिसरं गृहीतक. पॉवर सप्लायमधून येणारा ५० हर्ट्झचा हम तुमच्या ट्रिगरशी जुळलेला नसतो. म्हणून ॲव्हरेजमध्ये तो विरून जातो, आणि सर्किटमध्ये तसाच राहतो. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तेच सर्किट वापरून एकेक रीडिंग घ्यायला बसतो, त्याला हम सापडतो, आणि तो स्वतःच्या वायरिंगला दोष देत आठवडे घालवतो. कारण आधीच्या प्रबंधात तर 'स्वच्छ आउटपुट' छापलेलं असतं. मोड न लिहिल्याचं नुकसान होतं ते असं, आणि बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्याला भोगावं लागत नाही.

उरलेले मोड, थोडक्यात

एन्व्हलप म्हणजे अनेक ॲक्विझिशनमधल्या कमाल-किमान मूल्यांचा पट्टा. सिग्नल किती भटकतो हे बघायला चांगला. रोल मोडमध्ये ट्रिगर नसतो, रेघ उजवीकडून डावीकडे सरकत राहते; तापमानासारख्या मंद सिग्नलसाठी. इक्विव्हॅलंट टाइम सॅम्पलिंगमध्ये पुनरावृत्त होणाऱ्या सिग्नलच्या वेगवेगळ्या आवर्तनांतले पॉइंट गोळा करून एक आवर्तन जुळवलं जातं. एकदाच घडणाऱ्या घटनेला ते निरुपयोगी.

आणि कुठल्याही मोडमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे डेड टाइम. एक रेकॉर्ड भरला की तो हाताळून दाखवेपर्यंत उपकरण पुढचं बघत नाही. समजा ते सेकंदाला १००० वेव्हफॉर्म घेतंय आणि टाइमबेस १ मायक्रोसेकंद पर डिव्हिजन आहे. प्रत्येक वेव्हफॉर्म १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला १० मिलिसेकंद बघून झाले. एक टक्का. उरलेले ९९ टक्के पीक डिटेक्टलाही दिसत नाहीत. तिथे ग्लिचवरच ट्रिगर लावणं हा उपाय.

दोष कोणाचा?

कंपन्यांचा थोडा आहे. हाय-रेझमध्ये प्रत्यक्ष उरलेली बँडविड्थ पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवणं काही अवघड नाही. सॅम्पलमधल्या जागा भरणारी साइन एक्स बाय एक्स इंटरपोलेशनही बहुतेक वेळा गुपचूप चालू असते. सॅम्पल कमी पडले की ती तीव्र कडेच्या दोन्ही बाजूंना लहरी काढते. कडेच्या *आधी* रिंगिंग दिसलं तर लगेच संशय घ्या. साध्या सर्किटमध्ये कारण घडण्याआधी परिणाम दिसत नाही. ठिपके दाखवणारा डॉट्स डिस्प्ले लावून बघा, खरे सॅम्पल कुठे आहेत ते कळेल.

पण जास्त दोष आपल्या प्रॅक्टिकलच्या पद्धतीचा आहे. 'सीआरओचा अभ्यास' या प्रयोगात आपण काय करतो? ॲम्प्लिट्यूड मोजा, फ्रिक्वेन्सी मोजा, लिसाजूच्या आकृत्या काढा. हा प्रयोग सीआरओसाठी योग्यच होता. उपकरण बदललं, प्रयोग तोच राहिला. वर ऑटोसेट बटण आलं. ते दाबलं की पडद्यावर काहीतरी स्थिर, मध्यभागी, नीटनेटकं येतं आणि तेच 'बरोबर' असं डोक्यात बसतं. स्थिर आणि गुळगुळीत चित्राला मार्क मिळतात, म्हणून विद्यार्थी ते चित्र येईपर्यंत बटणं दाबतो. या प्रवासात ॲव्हरेज १२८ वर कधी गेला, हे त्यालाही आठवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: प्रत्येक आकृतीसाठी एवढं लिहीत बसलं तर प्रबंध कधी संपणार? मान्य. प्रोब लावून क्लॉक चालू आहे का एवढंच बघायचं असेल तर काही लिहू नका. पण ज्या आकृतीवरून तुम्ही आकडा काढता किंवा 'नाही' म्हणता (ग्लिच नाही, नॉइज नाही, विलंब नाही), तिथे मोड लिहिणं हा त्या दाव्याचाच भाग आहे. सॅम्पल मोडवरून 'ग्लिच नाही' म्हणता येत नाही. ॲव्हरेजवरून 'नॉइज नाही' म्हणता येत नाही.

तर मग काय करायचं?

नवा सिग्नल समोर आला की मी सुचवीन तो क्रम असा. आधी पीक डिटेक्ट लावून काही लपलंय का बघा. मग सॅम्पल मोडमध्ये टाइमबेस बदलत एलियासिंग तपासा. सिंगल बटण दाबून पाच-दहा वेगवेगळे ॲक्विझिशन एकेक करून बघा. सगळे सारखे आहेत का? एन्व्हलप किंवा पर्सिस्टन्स लावून कडा किती हलते ते बघा. एवढं झाल्यावर ॲव्हरेज लावा. तोपर्यंत त्याची गृहीतकं तुम्ही तपासलेली असतील.

आणि आकृतीखाली एक ओळ: 'ॲव्हरेज मोड, ६४ ॲक्विझिशन, १ गिगासॅम्पल प्रतिसेकंद, २५०० पॉइंट, ट्रिगर चॅनल २ ची चढती कडा, बँडविड्थ लिमिट बंद.' फोटोऐवजी किंवा फोटोबरोबर सीएसव्ही फाइल साठवा. आणि ॲव्हरेज आकृतीशेजारी त्याच सिग्नलचा एक सिंगल-शॉट द्या, कुरूप असला तरी.

उद्या लॅबमध्ये गेलात की एक करा. जी आकृती तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आधीच लावली आहे, तोच सिग्नल पुन्हा जोडा आणि फक्त मोड बदलत चारही चित्रं सेव्ह करा. चारही सारखी आली तर उत्तमच, तसं एका वाक्यात लिहून टाका. वेगळी आली, तर व्हायव्हाच्या आधी कळलं हे बरं.